बारा किलोची गाडी

ठाणे, टेंभी नाका
८ ऑक्टोबर २०२४

ती. रमाआक्कास,
चांगदेवचा सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो, पण आमच्या दीड खोलीत फोनवर बोललं की ते कलावतीला सांगितल्यासारखंच होतं, आणि ही गोष्ट तिच्यापर्यंत जायला नको. गेल्या दिवाळीत मी चकल्यांचं यंत्र बनवलेलं, त्यातून सुटलेली पहिली चकली समोरच्या भिंतीत बसली ती अजून निघालेली नाही. तेव्हापासून मला घरात लोखंडाला हात लावायची बंदी आहे.

तर ऐक. परवा रविवारी भगवानसोबत शीळफाट्याला गेलेलो. भगवान म्हणजे माझा जुना दोस्त, वागळे इस्टेटमध्ये त्याचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे एका मोकळ्या मैदानात माणसं जमलेली आणि मातीतून रिमोटच्या गाड्या पळत होत्या. खेळण्यातल्या नव्हेत. चांगल्या अडीच फूट लांब, दातेरी टायर, चारी चाकांना स्प्रिंगा. उंचवट्यावरून उडायच्या, आपटायच्या आणि परत धावायच्या. बग्गी म्हणतात त्यांना. चालवणारे सगळे दाढीमिशावाले बाप्ये.

त्यातला सुशांत म्हणून एकजण होता. त्याची बग्गी उलटली आणि पुढच्या चाकाचा दांडा मोडला. मी जवळ जाऊन म्हटलं, "हा तुकडा मी अर्ध्या तासात लेथवर काढून देतो." तो म्हणाला, "काका, हे बाहेरून मागवावं लागतं. हे तुमच्या काळातलं काम नाही."

छत्तीस वर्षं मी लेथवर उभा होतो, आक्का. मी म्हटलं, "तुकडा कशाला, अख्खी गाडी बनवून आणतो." तो म्हणाला, "आणा. एकोणीस जानेवारीला शर्यत आहे." आजूबाजूचे हसले. भगवानही हसला, आणि तो तर माझा दोस्त.

सांगाडा, चाकं, गिअर मी करतो. मोटार मला जमणार नाही. पंख्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मोटारींना तार भरणारी सख्खी बहीण असताना मी मोटार विकत आणली तर मलाच माझी लाज वाटेल. गाडीचं वजन १२ किलो धर आणि त्या हिशेबाने बॅटरीवर चालणारी मोटार बांध.

कलावतीला मी सांगितलंय की रोज सकाळी हास्यक्लबात जातो. जातो भगवानकडे.

तुझा
चांगदेव

अक्षर मोठं आलंय कारण पेन जाड आहे.


टिटवाळा
१६ ऑक्टोबर २०२४

चि. चांगूस,
आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र मिळालं. एवढ्याशा मजकुराला सहा पानं लागली. पेन नाही, झाडू घेतलेलास वाटतं.

चौसष्टाव्या वर्षी माणसं तीर्थाला जातात, गुडघे दाखवायला जातात. तू चारचौघांत पैज लावून आलास. आता लावलीच आहेस तर मोटार मी देते. कारखाना बंद पडल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून तारेला हात नाही. सून माझी चांगली आहे, मेघनाबद्दल तक्रार नाही, पण ती मला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाही. "आई, तुम्ही बसा." बसून बसून मी खुर्चीच्या आकाराची झालेय. म्हणून इथेही हे गुपितच ठेवते. प्रफुल्ल आणि ती कामाला गेली की दिवसभर मी आणि मोटार.

वजन वाचून जरा छाती दडपली. एवढं ओढणं पंख्याच्या मोटारीचं काम नाही. पण गाडीतलं तुला कळतं, मी त्यात बोलत नाही. इथे स्टेशनजवळ भंगारवाल्याकडे बॅटरीच्या स्कूटरची मोटार पडलेली बघितलीय. तिची जळकी तार काढून नवी भरते.

कलावतीला यातलं काही सांगू नकोस. कळलं तर ती आधी मला बोलेल आणि मग तुला.

आक्का


ठाणे
२९ ऑक्टोबर २०२४

ती. आक्कास,
जय भीम.

स्कूटरची मोटार म्हटल्यावर भगवानने हातातला पाना खाली ठेवला. मी त्याला म्हटलं, माझी बहीण कधी कमी देत नाही. वजनाची तू काळजी करू नकोस. हलकी गाडी मातीत टिकत नाही, वजन पाहिजेच.

सांगाडा झाला. पोलादी पाइप वाकवून जोडलाय. स्प्रिंगा भगवानच्या जुन्या सोफ्यातल्या आहेत, सोफा आता नुसता दिसायला उरलाय. टायर सामान ओढायच्या ट्रॉलीचे, त्यांना ब्लेडने दाते पाडले. वरचं कवच पाण्याच्या पिंपातून कापलं. गिअर मात्र लेथवर स्वतः काढले आणि ते असे बसलेत की फिरवले तर आवाज येत नाही.

बारीकसारीक गोष्टी होतात. एक भोक सांगाड्याऐवजी टेबलात पडलं. पुढचा डावा दांडा उजव्यापेक्षा बोटभर लांब झालाय. भगवान म्हणाला चुकलं, मी म्हटलं मुद्दाम केलंय, वळणावर उपयोग होतो. परवा मी त्याला मोटार कुठे बसवायची ते पंधरा मिनिटं समजावत होतो, मग कळलं की भगवान चहाला गेलाय आणि समोर गॅस वेल्डिंगचं सिलिंडर आहे. तिथे उजेड कमी असतो.

घरी सगळं ठीक. काल कलावतीने विचारलं, हास्यक्लबातून येताना शर्टाला लोखंडाचा कीस कसा लागतो. मी म्हटलं, तिथे एक फॅब्रिकेशनवाला येतो, तो हसताना मिठी मारतो.

मोटार लवकर पाठव.

चांगदेव


टिटवाळा
१० नोव्हेंबर २०२४

चि. चांगूस,

मोटार झाली. तानाजीच्या भाजीच्या टेम्पोतून पाठवतेय, मेथीच्या खाली आहे, नीट उतरवून घे. तानाजीला सांगितलंय की मिक्सर आहे. त्याने उचलली आणि म्हणाला, "मावशी, यात काय दगड वाटता का?"

पाठवण्याआधी वजन लादून बघायला हवं होतं. वॉशिंग मशीनच्या खालचा चाकांचा स्टँड काढला, त्याला मोटार आणि बॅटरी बांधली आणि वर रघुला बसवला, कारण तो साधारण तुझ्या गाडीएवढ्याच वजनाचा आहे. बटण दाबलं. रघु जो निघाला तो फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून समोरच्या बिल्डिंगमध्ये साखरपुडा चालू होता तिथे मांडवात शिरला. तार निसटली म्हणून थांबला. घाबरून तोंडातून आवाज नाही. त्या लोकांनी जवळ घेऊन जेवू घातलं तेव्हा कुठे शांत झाला.

मोटार पास आहे. कळ बेताने दाब.

आक्का


ठाणे
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,

मोटार पोचली. जरा जड वाटली, सांगाडा पुन्हा कापून रुंद करावा लागला. पण तारेवरून बोट फिरवलं आणि जीव सुखावला. एकेक वेढा शेजारीशेजारी, कुठे उंचवटा नाही, कुठे सैल नाही. हा तुझाच हात, लाखात ओळखेन.

रघुचं ऐकून वाईट वाटलं. बिचाऱ्याला रोज सकाळी दोन बिस्किटं घालत जा आणि पाठीवरून हात फिरव. भीती निघून जाते.

रविवारी भगवानच्या गल्लीत पहिली चाचणी घेतली. रिमोट त्याने कुणाकडून तरी जुना मिळवला. मी कळ जेमतेम अर्धी दाबलेली. गाडी माझ्या पायाजवळून गेली एवढं मला माहीत, पुढे धूळ फार होती. मग आरडाओरडा ऐकू आला. गल्लीच्या तोंडाशी कुणा दादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावलेला, त्याची दोरी मागच्या चाकात अडकली. गॉगल घातलेले, हात जोडलेले पंधरा फुटी दादा जमिनीवरून सरपटत अख्ख्या गल्लीतून गेले. ओट्यावर बसलेले दोन म्हातारे उठून उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले. शेवटी गाडी उसाच्या रसवाल्याच्या ठेल्याखाली शिरली.

मी लगेच जाऊन माफी मागितली. भगवान म्हणतो मी उसाच्या मोळीची माफी मागत होतो आणि रसवाला मागे उभा होता. भगवानला वाढवून सांगायची सवय आहे.

सहा डिसेंबरला दादरला भेटूच.

चांगदेव


टिटवाळा
१० डिसेंबर २०२४

चांगू,

आज आशीर्वाद नंतर, आधी उत्तर दे.

सहा तारखेला चैत्यभूमीच्या रांगेत मी तुला समोरून येताना पाहिलं. हात केला. तू हसत आलास आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नांदेडच्या बाईंना म्हणालास, "आक्का, किती वाळलीस गं," आणि त्यांची पिशवी हातात घेतलीस. त्या भल्या होत्या, म्हणाल्या घ्या. तू नंतर म्हणालास, सगळ्याच पांढऱ्या साडीत, माणूस चुकतं. मी तुझी बहीण आहे. तुझ्या जन्माआधीपासूनची आहे.

पुढे तू मला विचारलंस, "रघु भुंकतो का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रघु कुत्रा नाही. रघु आमचा वॉचमन आहे. त्याला दोन मुली आहेत. तुझ्या सांगण्यावरून मी आठवडाभर त्याला रोज सकाळी दोन बिस्किटं देत होते. पाठीवर हात नाही फिरवला एवढं नशीब. तुला तो कुत्रा का वाटला, तर तुझी गाडी कुत्र्याएवढी आहे. घरी येऊन तुझं पहिलं पत्र काढून बघितलं. तू लिहिलं होतंस बारा किलो. तुझा एक असा काही वाकलाय की मी वाचलं ब्याण्णव. ब्याण्णव किलो ओढणारी मोटार तू बारा किलोच्या गाडीत घातली आहेस.

आणि तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. टेबलात भोक, सिलिंडरशी गप्पा, उसाची मोळी. चांगू, तुला दिसत नाही. किती दिवस झाले?

डोळे दाखव. नाही दाखवलेस तर मी ठाण्याला येऊन मोटार काढून नेईन.

आक्का


ठाणे
१४ डिसेंबर २०२४

ती. वन्संना,
कलावतीचा जय भीम.

तुम्ही लिहिलं होतंत की कलावतीला सांगू नकोस. ते वाक्य ह्यांना मीच वाचून दाखवलं.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा हे म्हणाले, "चष्मा सापडत नाही, जरा वाच." चष्मा नाकावर होता. तेव्हापासून तुमची सगळी पत्रं मीच वाचते. यांना वाटतं की मी वाचते पण माझं लक्ष नसतं, नुसती वाचते. मीही तसंच दाखवते. हास्यक्लबाचं तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. या माणसाला मी चाळीस वर्षांत सकाळी सातला हसताना बघितलेलं नाही.

दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. तो कागद ह्यांनी गादीखाली लपवला. गादी रोज मी उचलते. ह्यांना भीती वाटते, वन्सं. कारखान्यात शेजारच्या लेथवरच्या माणसाच्या डोळ्यात लोखंडाचा तुकडा उडालेला यांनी पाहिलाय. तेव्हापासून डोळ्याजवळ कुणी काही नेलं की हे उठून चालू लागतात. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा हे दोन दिवस जेवले नाहीत.

पण गाडी करायला लागल्यापासून माणूस बदललाय. शिट्टी वाजवतात. परवा स्वतःहून भांडी घासली, तीही नीट नाही, पण घासली. म्हणून तुमचं दहा तारखेचं पत्र मी त्यांना वाचून दाखवताना डोळ्यांचा भाग गाळला. त्या जागी, थंडी पडलीय, मफलर वापर, असं वाचलं. त्यांनी लगेच मफलर बांधला. रघुचं मात्र वाचलं, त्यावर रात्री जेवताना म्हणाले, "दोन मुली आहेत त्याला?"

मी डॉक्टरांकडून चोवीस जानेवारी ठरवून आले आहे. शर्यत एकोणीसला होऊ दे, मग मी सांगते. फक्त ही गाडी यांनी चालवायला नको, माणसं असतात तिथे. तुम्ही चालवाल का?

तुमची
कलावती


टिटवाळा
१९ डिसेंबर २०२४

चि. कलावतीस,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा हसले, मग पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. माझ्या भावाला एवढं ओळखणारी बाई त्याच्या घरात आहे आणि आम्ही दोघं तिच्यापासून मेथीखाली मोटारी लपवतोय.

आता माझंही ऐक, आणि हे त्याला वाचून दाखवू नकोस. मोटारीला तार मी भरलेली नाही. माझी बोटं गेल्या तीन वर्षांपासून वळत नाहीत. सकाळी तर चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. भंगारवाल्याकडून मोटार आणली, तार धरली, आणि चौथ्या वेढ्याला ती बोटातून सुटली. रडू आलं मला. नेमकी मेघना लवकर घरी आली. मला ओरडेल म्हणून मी मोटार पदराखाली घेतली, पण एवढी मोठी मोटार पदराखाली मावते का? तिने बघितलं, पर्स ठेवली, हात धुऊन आली आणि म्हणाली, "कसं करायचं ते सांगा."

मी खुर्चीत बसून वेढे मोजले, तिने भरले. तीन वेळा सगळं उसवायला लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, तुम्ही कारखान्यात सुपरवायझर होतात की सासू?" मी म्हटलं, काम एकच असतं. चांगूने लिहिलं की हा तुझाच हात, लाखात ओळखेन. मी ते पत्र मेघनाला दाखवलं. तिने पुन्हा पुन्हा वाचलं.

गाडी मी चालवते. बोटं गेली तरी अंगठे शाबूत आहेत आणि रिमोटला तेवढेच लागतात. भंगारवाल्याने एक लहान मोटार दिलीय, ती स्टँडला लावून आवारात रोज सराव करते. रघु आता स्वतःहून बसायला येतो, म्हणतो फाटकापर्यंत सोडा.

चांगूला एवढं वाचून दाखव: ज्याने मोटार बांधली त्यानेच गाडी चालवायची असा शर्यतीचा नियम आहे, असं आक्काला कळलंय.

रमाबाई


ठाणे
३ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
जय भीम.

नियमाचं ऐकलं. भगवान म्हणतो असा नियम नाही, सुशांतला विचारून येतो. मी त्याला म्हटलं, विचारू नकोस, नियम म्हणजे नियम. माझी पाठही जरा धरलीय, तेव्हा झालं ते बरंच झालं.

चालवायचं कसं ते नीट ऐक. कळ नखाएवढी दाबायची, त्याच्या पुढे गेलीस तर ती तुझी राहत नाही. डावीकडे लोण्यासारखी वळते. उजवीकडे वळायला तिला समजवावं लागतं, दांड्याचा तो परिणाम आहे, जो मी मुद्दाम केलेला. उडी मारताना कळ सोड. पडल्यावर लगेच दाबू नकोस, तिला श्वास घेऊ दे.

गाडी उभी असली की मी रोज तिच्यावरून हात फिरवतो. प्रत्येक बोल्ट मला पाठ आहे, कुठला दीड आट्याने सैल आहे तेही हाताला कळतं. चालायला लागली की मात्र ती हाताबाहेर जाते. म्हणून तू चालव.

रघुला माझ्याकडून सॉरी सांग.

चांगदेव


टिटवाळा
२१ जानेवारी २०२५

चि. चांगूस,
आशीर्वाद आणि जय भीम.

तू शर्यतीला होतास, पण तुला काही दिसलं नाही, आणि टेम्पोतून परतताना शर्यतीचा विषयच निघाला नाही. म्हणून सगळं लिहिते. कलावती वाचून दाखवेल, यावेळी काही न गाळता.

नऊ गाड्या होत्या. बाकी आठांच्या पोरांनी गॉगल, टोप्या, हातमोजे घातलेले. चालवणाऱ्यांसाठी उंच मचाण होतं. मी म्हटलं, मी शिडी चढणार नाही. मग त्यांनी मला प्लास्टिकची खुर्ची दिली. सुशांत आला आणि म्हणाला, "काका कुठेत? आजी, तुम्ही चालवणार?" मी म्हटलं, "का, आजींना मनाई आहे का?" तो म्हणाला नाही. वाईट नाही तो पोरगा.

शिट्टी झाली. मी नखाएवढीच कळ दाबली. आपली गाडी इतक्या जोरात सुटली की पहिल्या उंचवट्यावरून उडाली ती दुसऱ्या उंचवट्याच्या पलीकडे उतरली. मधला रस्ता तिने बघितलाच नाही. पहिला अर्धा फेरा आपण सगळ्यांच्या पुढे होतो, चांगू. तू विचारत होतास ना, लोक का ओरडतायत. त्यासाठी ओरडत होते.

मग उजवं वळण आलं. मी तिला समजावलं. ती ऐकेना. सरळ जाऊन टायरांच्या भिंतीवर आदळली, पिंपाचं कवच निघून भगवानच्या पायाशी पडलं. तेव्हा मला सुचलं की उजवीकडे नाही तर नाही, डावीकडे तर वळते. मग प्रत्येक उजव्या वळणाला मी डावीकडे पाऊण गोल फिरवून गाडीचं तोंड उजवीकडे आणलं. अशी आठ फेऱ्यांत तीस-चाळीस गिरक्या घेतल्या असतील. माइकवरचा माणूस म्हणाला, "नऊ नंबरची गाडी फुगडी खेळते आहे." आणि तरी आपण शेवटचे नव्हतो, कारण सरळ रस्त्यावर आपल्यापुढे कुणी टिकत नव्हतं. तू त्या वेळी चहाच्या टपरीकडे तोंड करून "सरळ घे, सरळ घे" ओरडत होतास. टपरीवाल्याने दोनदा ठेला सरळ केला.

शेवटच्या फेरीत सुशांतची गाडी रेषेच्या अलीकडच्या खड्ड्यात रुतली. नुसती चाकं फिरत होती, माती उडत होती. मी मागून आले. थांबायला हवं होतं, पण थांबणं आपल्या गाडीला येत नाही. तिने त्याच्या गाडीला मागून धरलं, खड्ड्यातून वर काढलं आणि ढकलत ढकलत रेषेपार नेलं. त्याची गाडी आपल्यापुढे दोन बोटं होती. तो पाचवा आला, आपण सहावे. पंचांचं बराच वेळ भांडण चाललं की हे नियमात बसतं का. शेवटी त्यांनी ठरवलं की पुस्तकात याबद्दल काही लिहिलेलंच नाही.

सुशांत धावत आला. गाडी उलटी करून मोटार बघितली, बराच वेळ बघितली. म्हणाला, "आजी, ही तार कुणी भरली?" मेघना बाजूलाच उभी होती, माझा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. मी म्हटलं, "माझ्या सुनेने." तू ते ऐकलंस की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहिते. तुला जो हात लाखात ओळखू आला तो मेघनाचा आहे. माझी बोटं आता वळत नाहीत. मी तुझ्यापासून लपवलं. तू माझ्यापासून डोळे लपवलेस, तेव्हा हिशोब करत बसू नकोस.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू जे केलंस ते आम्हाला कसं दिसलं ते सांगते. तू मोठ्या ऐटीत मैदानात गेलास, गाडी उचललीस, खांद्यावर घेतलीस आणि तानाजीच्या टेम्पोत नेऊन ठेवलीस. म्हणालास, "शर्यतीत झिजून किती हलकी झाली बघ." ती सुशांतची गाडी होती. तो बिचारा मागून येत होता, काका, काका करत. कुणी हसलं नाही. तू तिच्यावरून हात फिरवलास, तुझा हात थांबला, आणि तू टेम्पोच्या फळीवर बसलास. म्हणालास, "आक्का, मला नीट दिसत नाही गं."

कलावती तुझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "शुक्रवारी सकाळी नऊला जायचंय. मी सगळं ठरवलंय." तू म्हणालास, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "मफलर नीट बांधा."

शुक्रवारी मी येते. मेघनाने रजा काढलीय. तुझ्या डोळ्याजवळ डॉक्टर येतील तेव्हा दरवाजाबाहेर आम्ही तिघी असू. घाबरलास तरी चालेल, पण तिथून पळून जाऊ नकोस, तुला पळताना रस्ता दिसणार नाही.

आक्का


ठाणे
४ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सप्रेम जय भीम.

हे पत्र मी बारीक पेनाने लिहितोय, आणि एका पानात मावणार आहे. उजव्या डोळ्याचं झालं, डाव्याचं मार्चात. दुखलं नाही. डॉक्टरीणबाई लहानशी होती, सारखं विचारत होती गाडीला किती गिअर आहेत, तेवढ्यात संपलं.

पट्टी काढल्यावर पहिली कलावती दिसली. मी म्हटलं, तू तर तशीच आहेस. ती म्हणाली, तुम्ही नाही. आरशात बघितलं, खरं आहे. नंतर समोरच्या शेजाऱ्यांच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा बघत बसलो. तू मला म्हातारी दिसलीस त्या दिवशी, आक्का. वाईट वाटून घेऊ नकोस, दोन वर्षांचं एकदम दिसलं.

मेघनाला सांग, मोटार उघडून डोळ्यांनी बघितली. तिसऱ्या गुंडाळीत एक वेढा किंचित वर आहे. बाकी मी कुणाला असं म्हणत नाही, पण असे हात मी कारखान्यात दोनच बघितले. सुशांत शनिवारी भगवानकडे आलेला. त्याचा मोडका दांडा घेऊन आला आणि गुमान म्हणाला, "काका, लेथवर निघेल का?" पंचवीस मिनिटांत काढून दिला. त्याच्या मोटारीची तारही जळलीय, मेघनाला विचारतोय.

आता एक तक्रार. काल वर्कशॉपात जाऊन आपली गाडी पहिल्यांदा नीट पाहिली. वेल्डिंग बघून मला रडू यायचं बाकी होतं, पण ते माझं काम, मी निस्तरेन. पण आक्का, गाडी गुलाबी आहे. नुसती गुलाबी नाही, लहान मुलींच्या रिबिनीसारखी गुलाबी. मी स्वतः दुकानात जाऊन रंगाचा डबा निवडलेला, लाल म्हणून, आणि सांगाड्यापासून कवचापर्यंत सगळीकडे फासलेला. अख्खी शर्यत मी मनातल्या मनात लाल गाडी पळवली. तुम्ही सगळे बघत होता आणि एकानेही मला सांगितलं नाही?

या आठवड्यात खरवडून लाल लावतो.

चांगदेव


टिटवाळा
९ फेब्रुवारी २०२५

चि. चांगूस,
आशीर्वाद.

अक्षर बघून बरं वाटलं. मेघनाने तुझं पत्र डब्यात ठेवून ऑफिसला नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. तो वर आलेला वेढा तिला माहीत होता. म्हणाली, मामांनी धरलाच.

रंगाचं म्हणशील तर प्रत्येकाने तुला सांगायचं ठरवलेलं. भगवान दोनदा सांगायला निघाला आणि चहाला गेला. कलावती म्हणाली, त्यांना लाल दिसतेय ना, मग लाल. मी मात्र दुसऱ्याच कारणाने बोलले नाही. त्या दिवशी मैदानात धूळ उडालेली, नऊ गाड्या एकमेकींत शिरलेल्या, आणि मला त्यातली फक्त एक ओळखू येत होती, ती गुलाबी होती म्हणून. लाल चार होत्या. खरवडू नकोस.

आणि मार्चात डाव्या डोळ्याला जाशील तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंना विचार, एका दिवशी बहीणभाऊ दोघांचं करतात का.

आक्का